आपल्या माथेरानसारखंच

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मुंबईच्या जुन्या मराठी वस्त्यांत जन्मलेल्या, पुढे नोकरीनिमित्त दुबई, अबुधाबी किंवा शारजा येथे गेलेल्या आणि तेथे नागरिकत्व मिळण्याचा मार्ग जवळपास बंद असल्यामुळे वीस-वीस वर्षे ‘तात्पुरत्या’ राहिलेल्या गृहस्थाची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून देण्याचे कारण नाही. लग्नाच्या पंगतीत तो प्रत्येकाच्या शेजारी एकदा तरी बसलेला असतो, आणि त्याच्या मोबाइलमधील छायाचित्रे संपेपर्यंत शेजाऱ्याचा मठ्ठा कोमट आणि जिलबी गार झालेली असते. या वर्गाची आधीची पिढी सोने, अत्तर आणि टेपरेकॉर्डर आणत असे व तिचा उपद्रव त्या जोरावर सहन केला जात असे, कारण उपद्रवाच्या शेवटी एखादी बाटली तरी हाती पडे. आजच्या पिढीने आणण्यासारखे जे काही होते ते मुंबईतच मिळू लागल्यामुळे तिने वस्तूंऐवजी सहली आणायला सुरुवात केली आहे, आणि सहल कपाटात ठेवून देता येत नाही, ती ऐकावीच लागते.

येथे सहल म्हणजे कोणता प्रवास अभिप्रेत आहे हे सांगणे इष्ट ठरेल. तीन किंवा चार दिवसांची, विमानाने तीन-साडेतीन तासांत किंवा मोटारीने एका दिवसात गाठता येईल अशा जवळच्या देशाची, आणि सरकारी सुट्ट्यांच्या यादीला काटेकोरपणे बांधलेली भटकंती, असे तिचे स्वरूप असते. भारतीय पारपत्रावर युरोपचा व्हिसा मिळवण्यासाठी कागदांची जी चळत जमवावी लागते ती टाळून, आखाती वास्तव्याच्या परवान्यावर जेथे प्रवेश तुलनेने सहज मिळतो असे जॉर्जिया, अझरबैजान, आर्मेनिया आणि शेजारचे ओमान एवढे देश या सहलीचा भूगोल ठरवतात. त्यामुळे ज्या गिरगावकराने काकेशस पर्वताचे नाव शाळेच्या नकाशात एकदा वाचून पुन्हा उच्चारले नाही, त्याचा मुलगा त्या पर्वतात दोनदा बर्फ खेळून येतो आणि त्र्यंबकेश्वर मात्र ‘पुढच्या खेपेला’ ठेवतो.

या गृहस्थाचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि १ जानेवारीलाही नाही. सुट्ट्यांची यादी हाती पडते त्या दिवशी ते सुरू होते. संयुक्त अरब अमिरातींनी २०२२ च्या जानेवारीपासून शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुटी बदलून शनिवार-रविवार केली आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या दुपारी बंद ठेवण्यास आरंभ केला, या घटनेचे अर्थशास्त्रीय महत्त्व काहीही असो, त्याच्या लेखी तिचा अर्थ शुक्रवार संध्याकाळचे विमान एवढाच आहे. डिसेंबरच्या आरंभीचा राष्ट्रीय दिन ठरल्या तारखेला येतो, म्हणून तो निरुपद्रवी. खरी परीक्षा ईदची. रमजानचा महिना एकोणतीस दिवसांचा की तीस दिवसांचा हे चंद्रदर्शनावर ठरते, त्यावर सुटीची लांबी ठरते, आणि विमानाचे भाडे मात्र चंद्राची वाट न पाहता चढत राहते. परिणामी, संकष्टीला आईचा उपास सुटेपर्यंत मोदक हाती लागत नाहीत म्हणून ज्याने लहानपणी गॅलरीत उभे राहून चंद्राला शिव्या दिल्या, तोच गृहस्थ आता एखाद्या भलत्याच संध्याकाळी मुंबईला फोन लावून “तुमच्याकडे दिसला का गं?” असे विचारतो, आणि त्या दिवशी चतुर्थी नसल्यामुळे आई घाबरून आधी त्याच्या प्रकृतीची चौकशी करते. १९७३ पासून मराठी घरांच्या भिंतीवर असलेले कालनिर्णय त्याच्या दुबईच्या स्वयंपाकघरातही टांगलेले असते. त्यावर एकादशी आणि प्रदोष यांच्या शेजारी लाल शाईने ‘तिबिलिसी?’ असे लिहिलेले आढळते, आणि प्रश्नचिन्ह चंद्रासाठी असते.

येथवरचे वर्णन दुबईतील मल्याळी किंवा पंजाबी नोकरदारालाही थोड्याफार फरकाने लागू पडेल. गिरगावकराचा विशेष याहून निराळा आहे: परदेशातील कोणतीही जागा महाराष्ट्रातील एखाद्या जागेशी जुळवून घेतल्याखेरीज ती पाहिल्याचे समाधान त्याला लाभत नाही. रस अल-खैमा येथील जबल जैस हा अमिरातींमधील सर्वांत उंच डोंगर १,९३४ मीटरचा असून त्यावर झाडाचे पान म्हणून नाही आणि माथ्याजवळपर्यंत गुळगुळीत डांबरी रस्ता जातो. तेथे वातानुकूलित मोटारीतून उतरल्या उतरल्या तो कमरेवर हात ठेवून “अगदी आपल्या कळसूबाईसारखं” असे घोषित करतो. कळसूबाई १,६४६ मीटरची, पावसाळ्यात हिरवीगार, तिच्या कड्यांवर लोखंडी शिड्या आणि माथ्यावर देवीचे देऊळ, आणि ती चढताना या गृहस्थाची महाविद्यालयीन वयातच दमछाक झालेली, हे सर्व त्याला पाठ असूनही तुलनेच्या आड येत नाही. हट्टा या गावच्या धरणाला तो भंडारदरा म्हणतो. मुसंदमच्या खाड्यांतून डॉल्फिन दाखवत फिरणाऱ्या डाऊला, म्हणजे अरबी लाकडी गलबताला, तो भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रेवसची लाँच म्हणतो. ही सर्व उदाहरणे मात्र किरकोळ होत, कारण पारा तिशीच्या खाली उतरला आणि समोर कसलाही उंचवटा दिसला की त्याच्या तुलनाशक्तीचे सर्व प्रवाह एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, आणि ते ठिकाण माथेरान होय.

त्याच्या पत्नीचा या सवयीला आक्षेप आहे, परंतु लोक समजतात त्या कारणाने नव्हे. ती दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलेली असून तिच्या माहेरची माणसे दर मे महिन्यात महाबळेश्वरला जात. वीस वर्षांच्या संसारात जगातील एकही डोंगर महाबळेश्वरसारखा निघू नये, हा निव्वळ योगायोग आहे असे मानायला ती तयार नाही.

सवयीचे संपूर्ण दर्शन घ्यायचे तर सलालाची सहल अभ्यासावी लागते. जुलैत आखाताचा बहुतेक प्रदेश चाळीस अंशांच्या वर भाजत असताना ओमानच्या दक्षिणेकडील धोफार प्रांताला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची कड घासून जाते, सलाला शहरामागचे डोंगर धुक्यात बुडतात आणि जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सतत झिमझिम पाऊस पडून ते हिरवे होतात. या ऋतूला तेथे ‘खरीफ’ म्हणतात, आणि तो पाहायला अमिरातींतून, सौदी अरेबियातून, कतारमधून कुटुंबेच्या कुटुंबे मोटारी काढून निघतात. दुबईहून हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक असून आदम, हैमा आणि थुमरैत ही गावे वगळता वाटेत वाळूशिवाय काही नाही. दुबईकर पहाटे तीनला निघतो. सोबत पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळ्यात कुटून घेतलेल्या मसाल्याची बरणी (डोंगरावर तिचा उपयोग काय, हे पत्नीला अजून उमगलेले नाही) आणि एक छत्री असते, जी उघडायची नसते. रात्री सलालाला पोचून सकाळी इत्तीनच्या पठारावर तो गाडीतून बाहेर येतो, तोंड वर करून उभा राहतो, चष्म्यावर भुरभुर जमू देतो आणि डोळे मिटून म्हणतो, “आपल्या माथेरानसारखंच!” शेजारी गालिचा अंथरून मांस भाजत बसलेल्या सौदी गृहस्थालाही मोडक्या अरबीत हे सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही, तेव्हा तो सौदी गृहस्थ अदबीने उठून, ते गाव लेबनॉनमध्ये कोठे येते असे विचारतो. मग फिरत्या शेगडीवर कांदाभजी तळली जातात, मसाल्याची बरणी न उघडता परत जाते आणि रस्त्याकडेच्या टपरीवर शहाळी पिताना ती आपल्या अलिबागसारखी गोड ठरतात.

या दृश्याचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, त्या दिवशी हाच गृहस्थ अंधेरीच्या कचेरीतून दुपारी निघून, कोठे कंबरभर तर कोठे छातीभर पाण्यातून चालत, रात्र एका अनोळखी कुटुंबाच्या ओट्यावर काढून दुसऱ्या दिवशी गिरगावात पोचला होता. त्यानंतर महिन्याभरात त्याने दुबईच्या नोकरीचा अर्ज भरला आणि कारण विचारणाऱ्यांना “या पावसाला कंटाळलो” असे सांगितले. परळच्या हिंदमाताजवळ दर पावसाळ्यात जे पाणी तुंबते त्यातून बूट हातात घेऊन जाण्याचे त्याचे दुःख खरे होते, हे मान्य करावे लागते. पावसापासून सुटका व्हावी म्हणून समुद्र ओलांडणारा आणि पावसाचे शिंतोडे अंगावर पडावेत म्हणून वाळवंट ओलांडणारा माणूस एकच आहे, हेही.

जॉर्जियाच्या राजधानीत, म्हणजे तिबिलिसीत, या वृत्तीला शास्त्रीय पुराव्याचा आधार मिळाला असे दुबईकर मानतो. तेथे म्तात्समिंदा नावाच्या टेकडीवर लोखंडी दोराने ओढली जाणारी एक रेल्वे १९०५ पासून आहे, आणि नेरळ-माथेरान ही नॅरोगेज गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ मध्ये सुरू केली. दोन वर्षांचे हे अंतर त्याला इतके निर्णायक वाटते की तिबिलिसीच्या गाडीने माथेरानची नक्कल आधीच केली, असा काहीसा ग्रह त्याच्या बोलण्यातून होतो. पहिली गाडी सरळ चढणीवर काही मिनिटांत माथा गाठते आणि दुसरी सुमारे वीस किलोमीटर वळणे घेत दोन तासांहून अधिक काळ चालते, इतकी की उत्साही प्रवासी मध्येच उतरून करवंदे घेऊन पुन्हा चढत असत, हा फरक कोणी दाखवून दिल्यास तो “तत्त्व एकच” असे उत्तर देतो.

तत्त्व एकच या भूमिकेचा सर्वांत गंभीर परिणाम एका गणेशचतुर्थीला घडला. जॉर्जियात खिंकाली नावाचा पदार्थ करतात: पिठाची पारी लाटून तिच्यात सारण भरायचे, कडेने चुण्या घालत ती वर गोळा करून शेंडी वळायची आणि उकळत्या पाण्यात शिजवायची, खाताना शेंडीला धरून, आतला रस सांडू न देता खातात आणि शेंडी ताटात ठेवून देतात. ज्याने मोदक पाहिला आहे त्याला खिंकाली पाहून मोदक आठवू नये हे अशक्यच, आणि या एका बाबतीत दुबईकराला दोष देता येत नाही. दोष द्यायचा तो वेळेचा. गिरगावातल्या घरी ओट्याशी मावशी उकडीच्या मोदकाच्या कळ्या काढत असताना त्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि “बघा मावशी, तिकडेसुद्धा अगदी आपल्यासारखेच मोदक” असे म्हटले. मावशींनी कौतुकाने चष्मा वर केला, कळ्या एकवीस आहेत का ते मोजले आणि “सारण कसलं रे, ओल्या नारळाचं की सुक्या?” असे विचारले. खरे बोलण्याची त्याला जन्मजात खोड असल्यामुळे, आणि आपण स्वतः बटाट्याचे खाल्ले हे आधी सांगण्याचे न सुचल्यामुळे, त्याने “गाईचं आणि डुकराचं, मिसळून” असे उत्तर दिले. त्या वर्षी गणपतीला पंचखाद्याचा नैवेद्य दाखवण्यात आला. मोदकांची उकड पुन्हा काढेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते आणि मोबाइल देवघराच्या बाजूने फिरकू नये असा जो नियम त्या घरात झाला, तो अद्याप अमलात आहे.

अशा प्रकारे सादृश्य शोधत फिरणाऱ्या माणसाला खरोखरच आपले असे काही परमुलखात सापडले तर तो काय करील, या प्रश्नाचे उत्तर बाकूजवळ मिळते. अझरबैजानच्या या राजधानीच्या सुराखानी उपनगरात आतेशगाह नावाचे अग्निमंदिर असून सतराव्या-अठराव्या शतकांत तेथे हिंदुस्थानातून गेलेले व्यापारी आणि यात्रेकरू उतरत असत. जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर तेथे ज्वाला जळत असे, आणि तो वायू आटल्यानंतर आता नळाने आणलेल्या वायूवर ती जळत ठेवली जाते. चौकाभोवतीच्या ओवऱ्यांच्या दारांवर जे शिलालेख आहेत त्यांपैकी बरेच देवनागरीत असून त्यांचा आरंभ गणेशाला नमन करून होतो. टिपलेल्या यादीतले ‘बघण्यासारखे’ म्हणून दुबईकर तेथे पोचला, दगडावर नजर गेली आणि अक्षर अक्षर लावत तो मोठ्याने वाचू लागला. तेथल्या पहारेकऱ्याने, हे तुम्हाला वाचता येते का, असे खुणेने विचारले. पत्नीच्या सांगण्यानुसार त्याने मान हलवली, बूट काढून भिंतीपाशी ठेवले आणि उरलेल्या ओवऱ्या मोज्यांवर फिरून पाहिल्या. माथेरानचे नाव निघाले नाही, अलिबागचेही नाही. या सहलीची हकीकत तो फारशी सांगत नाही आणि कोणी विचारलीच तर अंगाराच्या डोंगराकडे, यानार दागकडे, विषय वळवतो. रंजक सांगायचे सोडून भलत्याच ठिकाणी गप्प बसणारा हा माणूस आहे, असे त्याच्या ऐकणाऱ्यांचे मत पडते, आणि ते चुकीचे आहे असे म्हणवत नाही.

माथेरानचे माहात्म्य ऐकत मोठी झालेली त्याची मुले माथेरानला फार उशिरा गेली. याचे कारण साधे आहे: अमिरातींमधील शाळांची मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये येते, त्यामुळे आखाती मराठी मुलांना मुंबई माहीत असते ती कायम ओली, शेवाळलेली आणि गणपतीच्या मांडवांचे बांबू उभे राहत असलेली; आंब्याचा मोसम तोवर संपलेला असतो, पतंगांचा यायचा असतो, आणि नेरळहून वर जाणारी गाडी पावसाळ्यासाठी बंद असते. बापाने वर्षानुवर्षे जिचे वर्णन केले ती गाडी मुलांना नेरळच्या फलाटावर उभी असलेलीही धड दिसली नाही. टॅक्सीने दस्तुरी नाका गाठून, अमन लॉजहून सुटणाऱ्या शटलमध्ये जागा न मिळाल्याने, लाल चिखलातून, घोड्यांच्या लिदीतून आणि माकडांपासून वेफर्सची पाकिटे वाचवत सर्व मंडळी चालत वर पोचली. शार्लट तलावाच्या काठी धुके इतके दाट होते की तलाव आहे हे विश्वासानेच मानावे लागले. तेथे नऊ वर्षांच्या मुलाने, घरात जे व्याकरण शिकवले गेले होते त्याला धरून, अगदी निरागसपणे विचारले, “बाबा, मग हे कशासारखं आहे?”

दुबईकर निरुत्तर झाला. पत्नीला मात्र उत्तर सुचले आणि “महाबळेश्वरसारखं” असे तिने वीस वर्षांचा हिशेब चुकता करीत सांगितले.

वस्तुतः मुलाच्या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे. माथेरानचा शोध लावल्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो ह्यू मॅलेट १८५० मध्ये ठाण्याचा जिल्हाधिकारी होता, म्हणजे तोही परमुलखात नोकरीस असलेला, उकाड्याने हैराण झालेला आणि चार दिवसांची थंड जागा शोधणारा एक परदेशस्थच. त्याच्या आधी जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर असेच वसवले गेले होते. पुढे मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला बिऱ्हाड हलवू लागला, आणि ही सरकारी सुट्ट्यांची यादी दुबईच्या यादीपेक्षा पुष्कळच उदार होती. या मंडळींनी डोंगराच्या टोकांना आणि तलावाला लुईझा, शार्लट, अलेक्झांडर अशी आपल्याकडची नावे दिली, बंगल्यांना इंग्लंडमधल्यासारख्या उतरत्या छपरांचा थाट दिला, महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी लावली आणि मायदेशी पत्रे लिहून ही हवा अगदी आपल्याकडच्यासारखी आहे असे कळवले. तेथे आधीपासून राहणाऱ्या धनगर, ठाकर आणि कातकऱ्यांनी तो डोंगर कशासारखा आहे हे कोणाला कळवल्याचे नमूद नाही. गिरगावकर तेथे पोचला तो गाडी सुरू झाल्यावर, ट्रंका, वळकट्या आणि डब्यातले लाडू घेऊन, आणि दोन पिढ्यांत ‘आपलं माथेरान’ म्हणू लागला. त्याच्या नातवाने ते माथेरान उचलून काकेशसच्या डोंगरावर नेऊन ठेवले, यात नवे एवढेच की या खेपेला नावाची पाटी लावण्याचा अधिकार त्याला नव्हता.

गिरगावाचे तरी काय? दुबईकराचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातून किनाऱ्याच्या आगबोटीने मुंबईला उतरले, एका पेढीवर कारकून झाले आणि चाळीतल्या खोलीत चाळीस वर्षे राहूनही ‘घरी जाणे’ म्हणजे शिमग्याला किंवा गणपतीला भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडणे असेच समजत राहिले. मुंबईचे पाणी गावच्या विहिरीसारखे नाही, मुंबईची भाजी परसातल्यासारखी नाही आणि चौपाटीचा समुद्रसुद्धा गावच्यासारखा नाही, अशी त्यांची तक्रार होती; नातवाने नकार काढून टाकून तेच वाक्य होकारार्थी चालवले आहे. पंगतीत शेजारी बसलेल्याला यामुळे कोणता दिलासा मिळतो हा प्रश्न वेगळा, परंतु त्रासाची वंशावळ ठाऊक झाली की तो थोडा सुसह्य होतो, एवढे त्याच्या बाजूने म्हणायला हरकत नाही.

त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट म्हणावी लागते, आणि ती येथवर टाळली गेली. तिबिलिसीच्या जुन्या भागात चौकाभोवती उभी असलेली दोन-तीन मजली घरे आहेत. त्यांना लाकडी कोरीव गॅलऱ्या, बाहेरून चढणारे जिने, सामाईक चौक आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दोरीवर वाळत घातलेले कपडे असतात. या चौकांची त्याने जितकी छायाचित्रे काढली आहेत तितकी काकेशसच्या हिमशिखरांचीही काढलेली नाहीत, आणि पंगतीत ती दाखवताना तो घाई करीत नाही. गिरगावातली त्याची चाळ आता नाही. त्या परिसरातल्या काही इमारती भुयारी मेट्रोसाठी गेल्या, काही पुनर्विकासात गेल्या; २०२५ च्या ऑक्टोबरात गिरगावचे मेट्रो स्थानक सुरू झाले तेव्हा दुबईकर मुद्दाम तेथे उतरला आणि जमिनीखालून वर येताना नेमके कोणत्या वाडीच्या तोंडाशी आपण निघालो हे त्याला एका फुलवालीला विचारावे लागले. आईला नव्या इमारतीत सोळाव्या मजल्यावर जागा मिळाली आहे. तेथून समुद्र दिसतो, आणि ज्या घरात पूर्वी शेजाऱ्यांचे बोलणे भिंतीआडून ऐकू येई त्या घरात आता लिफ्टचा आवाज तेवढा ऐकू येतो.

गेल्या गणपतीत याच सोळाव्या मजल्यावर एक विपरीत घटना घडली. चाळीतले जुने शेजारी, जे आता चौदाव्या मजल्यावर असतात आणि ज्यांना दुबईकर लहानपणापासून काका म्हणतो, ते दादरच्या एका प्रवासी कंपनीबरोबर, सोबत आचारी आणि तीन वेळच्या मराठी जेवणाची सोय असलेल्या आठ दिवसांच्या सहलीत, काकेशस पाहून आले होते. आरतीनंतर काकांनी स्वतःचा मोबाइल काढला, चौकाचे एक छायाचित्र दाखवले आणि सहज म्हणाले, “अरे, तू सांगायचास तेव्हा खोटं वाटायचं. पण अगदी आपल्या चाळीसारखंच आहे की!”

वीस वर्षांच्या साधनेला मिळालेली ही पहिली मान्यता दुबईकराने आनंदाने स्वीकारावी अशी सर्वांची अपेक्षा होती. त्याऐवजी तो ताठ बसला आणि “छे हो काका, काहीतरीच काय” असे म्हणून फरक सांगू लागला. आपल्या कठड्याचे गज बिडाचे होते, हे लाकडी आहेत. आपली गॅलरी दक्षिणेला उतरती होती, त्यामुळे गोटी ठेवली की थेट जोशांच्या दारापर्यंत जायची. आपल्याकडे दोरीऐवजी काठीने कपडे वर टाकायचे. नळ जिन्याखाली होता आणि पहाटे साडेचारला त्याचा आधी घशातून आवाज यायचा, मग पाणी. नळ जिन्याखाली नसून प्रत्येक मजल्यावर होता, असे काकांनी म्हणताच दुबईकराचा आवाज चढला. तो १९८० नंतर आला, आधी एकच होता, असे त्याने ठणकावले. मग जिन्याच्या पायऱ्यांवरून वाद पेटला, दुबईकर सतरा म्हणाला, काका अठरा म्हणाले, पत्नीने पुढे केलेल्या करंज्या तशाच राहिल्या, आणि मुलगा एकदा या बाजूला तर एकदा त्या बाजूला बघत राहिला. शेवटी निवाड्यासाठी अकरा नंबरच्या खोलीतल्या आजींना लिफ्टने वर आणवण्यात आले. आजींनी दोघांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, बोटांवर मोजत चार मजले मनाने चढून पाहिले आणि पायऱ्या एकोणीस होत्या असा निकाल दिला, शिवाय त्यातली सातवी तुटलेली होती आणि ती कोणी दुरुस्त करायला हवी होती, हे दोघांकडे बघून विचारले.